फुटपाथवरच्या बिऱ्हाडाशी ओळख करताना : पुण्यातल्या नव्या स्वयंसेवकांसाठी

२२ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर डंपर चढला. अमरावतीहून कामाच्या शोधात आलेली ही मंडळी. तिघं गेली, त्यातली दोन तर अजून नीट बोलूही न लागलेली लेकरं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गटातल्या प्रत्येकाचा फोन वाजत होता. कुणाला ब्लँकेटं द्यायची होती, कुणाला घरातले स्वेटर, कुणाला एका रविवारी पुलाव वाटायचा होता. आठवडाभराने फोन थांबले. मोजक्या लोकांनी मात्र विचारलं होतं, “ताई, वस्तू राहू देत. मी येऊन काय करू शकतो?” त्यांच्यातले चौघं आजही येतात. त्या चौघांना मी तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते इथे सलग लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चाळीस कुटुंबांना एकदा भेटू नका. एका कुटुंबाला चाळीस वेळा भेटा. आणि त्या चाळीस भेटींत जे काही कराल त्याने आई-बाप आणि मुलं एकत्र राहायला मदत होते आहे ना, एवढं तपासत राहा.

आधी नीट बघा

रस्त्यावर राहणारं कुटुंब दिवसा दिसत नाही. पहाटे सहाच्या आत चूल पेटते, आठपर्यंत बोचकी झाडाच्या बेचक्यात किंवा कठड्यामागे जातात आणि माणसं कामाला पांगतात. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त बघायला जा. एकदा रात्री दहानंतर, एकदा पहाटे साडेपाचला. पुणे स्टेशनचा परिसर, स्वारगेट, ससून रुग्णालयाच्या बाहेरचा रस्ता, उड्डाणपुलांखालच्या जागा, नदीपात्राच्या कडा. आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी जागा निवडा. कोथरूडहून हडपसरला जाऊन काम करायचा उत्साह तीन आठवडे टिकतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बघताना लक्षात येईल की “बेघर” हा एक शब्द असला तरी त्याखाली वेगवेगळी माणसं आहेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने रस्त्यावरच्या मुलांसाठी जी कार्यपद्धती ठरवली आहे, तिच्यात मुलांचे तीन गट केले आहेत: आधाराशिवाय एकटी राहणारी, दिवसभर रस्त्यावर आणि रात्री जवळच्या वस्तीत आपल्या घरी जाणारी, आणि कुटुंबासकट रस्त्यावरच राहणारी. ही विभागणी पाठ करून ठेवा. सिग्नलवर फुगे विकणाऱ्या मुलीला घर नाही असं आपण धरून चालतो, आणि तिची आई दोन गल्ल्या पलीकडच्या खोलीत स्वयंपाक करत असते. तिला निवारा नको आहे, तिला दुपारची शाळा हवी आहे.

याशिवाय पुण्यात आणखी दोन प्रकारची बिऱ्हाडं दिसतील. ससूनबाहेर झोपलेली माणसं बहुतेक वेळा पेशंटचे नातेवाईक असतात. बीड, लातूर, सोलापूरकडून आलेली, गावात घर असलेली, पण इथे महिना महिना अडकलेली. आणि मुकादमाने आणून सोडलेले मजूर. साइट सुरू व्हायला चार दिवस आहेत म्हणून तेवढे दिवस फुटपाथवर. वाघोलीसारख्या घटना याच “चार दिवसांत” होतात.

वार लावून घ्या

या शहरात एकेकाळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणाच्याच घरावर भार पडत नसे आणि पोरगं मात्र रोज जेवत असे. आम्ही कामाची विभागणी त्याच पद्धतीने केली आहे. गटात सात-आठ माणसं पुरतात. दोघादोघांची जोडी, जोडीत एक तरी बाई, प्रत्येक जोडीला एकच जागा आणि एकच वार. माझा गुरुवार. पाऊस असो, मॅच असो, घरी पाहुणे असोत, गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या ठरलेल्या उड्डाणपुलाखाली असते. येणं जमणार नसेल तर आधी सांगून ठेवते किंवा दुसऱ्याला पाठवते. या माणसांना आजवर भेटलेला प्रत्येक जण “परत येतो” म्हणून गेलेला असतो. न चुकता परत येणं हीच तुमची पहिली मदत.

पहिला महिना रिकाम्या हातांनी

हे नव्या लोकांना पटत नाही, राग येतो. तरी सांगते. पहिला महिनाभर काहीही वाटू नका. ताप आलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायचं असेल तर अर्थातच न्या. पण बिस्किटं, कपडे, पैसे नाहीत. वाटणाऱ्या माणसाला लोक खरं सांगत नाहीत, त्याला जे ऐकायला आवडेल ते सांगतात. त्यात चूक त्यांची नाही. पोट हातावर असलं की कुणीही तेच करेल.

शिवाय आपण देतो ते त्यांना हवं असतं असंही नाही. एका जानेवारीत आमच्या पुलाखालच्या एकाच कुटुंबाला आठवड्यात तीन गटांनी ब्लँकेटं दिली. जुलैत ताडपत्री द्यायला कुणी आलं नाही. महिनाभर ऐकल्यावर आमच्या वहीत जमलेल्या गरजा अशा होत्या: ताडपत्री, कुलूप लागणारी पेटी, मोबाईल चार्ज करायला जागा, सार्वजनिक शौचालयाचे रोजचे पैसे, आणि रात्री बाई-मुलींना तिथवर जाताना सोबत. यातल्या चार्जिंगचा प्रश्न एका इस्त्रीवाल्याने सोडवला. आम्ही फक्त विचारलं होतं.

तर महिनाभर काय करायचं? बसायचं. खाली, त्यांच्या पातळीवर. “इथे का राहता?” हा प्रश्न कधीच विचारू नका, तो पोलिसांचा प्रश्न आहे. “तुमचं गाव कोणतं?” हा आपला प्रश्न. मराठी माणूस गावावरून सुरू झाला की आपोआप नात्यागोत्यावर येतो. वयाने मोठ्या बाईला आजी किंवा मावशी म्हणा, कर्नाटक-तेलंगणाकडची असेल तर अक्का. कुणालाही “ए” नाही, पोरांनासुद्धा नाव विचारून नावाने हाक. त्यांनी दिलेला चहा घ्या. माझ्या जोडीदाराने पहिल्या दिवशी संकोचाने नको म्हटलं होतं. ती मावशी त्यानंतर दोन महिने त्याच्याशी बोलली नाही.

काही कुटुंबं तुम्हाला पाहताच उठून जातील. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या माणसांचा शहाणपणा त्यामागे आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण आजही परिसरात चोरी झाली की आधी यांचं पाल उलटंपालटं होतं. वही-पेन काढून नावं लिहून घेणारा माणूस त्यांना साहजिकच धोक्याचा वाटतो. म्हणून वही घरी जाऊन लिहा.

फोटो नाहीत. काम करतानाचे नाहीत, वाढदिवसाचे नाहीत, तोंड झाकलेले पण जागा ओळखू येईल असेही नाहीत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. ती मुलगी उद्या दहावीला जाईल तेव्हा वर्गातल्या कुणाच्या मोबाईलवर तिचा फुटपाथवरचा फोटो सापडता कामा नये.

कुठला फोन कधी करायचा

चार नंबर मोबाईलमध्ये आताच साठवा. १०८ रुग्णवाहिका. ११२ पोलीस व आपत्काळ. १८१ महिलांसाठी. १०९८ मुलांसाठी, चोवीस तास, मोफत. स्टेशनच्या आवारात मूल एकटं दिसलं तर रेल्वे सुरक्षा दलाला सांगा. त्यांची अशा मुलांसाठी वेगळी मोहीमच आहे.

आता १०९८ बद्दल, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. पहिल्याच वर्षी रात्री अकराला एक चार-पाच वर्षांचा मुलगा बोचक्याला टेकून एकटा झोपलेला दिसला. मी घाबरून फोन लावला. लोक आले तेव्हा आई शौचालयाच्या रांगेतून परतत होती. पुढचा तासभर ती बाई मूल आपलंच आहे हे सिद्ध करत होती. जन्मदाखला नाही, आधार नाही, फोटो नाही. शेजारच्या पालातली माणसं उठून बोलली म्हणून निभावलं. त्यानंतर ते कुटुंब ती जागा सोडून गेलं आणि मला पुन्हा कधी दिसलं नाही.

तेव्हापासूनचा आमचा नियम: मूल धोक्यात, जखमी किंवा रडवेलं नसेल तर आधी आजूबाजूच्या तीन माणसांना विचारा, मग अर्धा तास त्याच्याजवळ थांबा, मग फोन. मूल खरोखर एकटं, हरवलेलं किंवा घरातून निघून आलेलं असेल, तर मात्र वेळ घालवू नका आणि त्याला स्वतःच्या घरी तर अजिबात नेऊ नका. अशा मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि मुलाने कुठे राहायचं हे ठरवण्याचा अधिकार तिला आहे, आपल्याला नाही.

बाल न्याय कायद्याच्या व्याख्येत घर नसलेलं आणि उदरनिर्वाहाचं साधन नसलेलं मूल हे “काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक” आहे. त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक आईला भीती असते की कुणीतरी येऊन आपली लेकरं उचलून नेईल. तिला सांगा, आणि स्वतःही लक्षात ठेवा, की त्याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय म्हटलेला आहे आणि सांभाळण्याची पहिली जबाबदारी जन्मदात्या कुटुंबाची मानली आहे. गरीब आहे म्हणून आईपासून मूल तोडायचं, हे आपण कधीच सुचवायचं नाही.

याला अपवाद आहे तो मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचा. मुलाने असं काही सांगितलं तर गट, चर्चा, सल्ला यात वेळ न घालवता पोलिसांना कळवा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली माहिती असून न कळवणं हाही गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका. एकदा ऐकून घ्या, तेवढं पुरे.

कागद

इथे तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे, आणि जायलाच हवा. आमच्या मावशी म्हणतात, “पोट रोज भरतं बाई, कागद भरत नाही.” शाळा, रेशन, दवाखाना, खोली, या प्रत्येक दारावर कागद मागतात, आणि एका कागदासाठी दुसरा कागद लागतो. क्रम चुकला की सहा महिने वाया.

सुरुवात मुलांच्या जन्मदाखल्याने. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, म्हणून तान्ह्या मुलांचा दाखला आधी काढा. बाळ ससूनमध्ये किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयासारख्या ठिकाणी झालं असेल तर नोंद रुग्णालयातूनच जाते. घरच्यांनी फक्त दाखला आणायचा राहिलेला असतो, किंवा दाखल्यावर बाळाचं नाव घालायचं राहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. ते बहुतेक वेळा बाळाच्या लशींच्या कार्डासोबत एकाच पिशवीत असतं. जन्म फुटपाथवर किंवा पालावर झाला असेल तर २१ दिवसांच्या आत नोंद करा, तोवर शुल्क नाही. वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही आणि मग वकील, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे सुरू होतात. म्हणून रस्त्यावर कुणी बाई पोटुशी दिसली की तिची तारीख वहीत लिहा आणि तेवढ्या पंधरवड्यात दर दोन दिवसांनी चक्कर मारा. गटातल्या एखाद्या काकूंनी हे काम घेतलं तर त्या बाईलाही धीर येतो.

दुसरं आधार. नवीन काढायच्या आधी जुनं आहे का ते बघा. गावाकडे काढलेलं असतं आणि पावसात, भांडणात किंवा सामान उचललं गेलं तेव्हा हरवलेलं असतं. बोटांच्या ठशांवरून आधार केंद्रात जुना क्रमांक सापडू शकतो. मात्र भंगार वेचणाऱ्या आणि सिमेंट कालवणाऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात; मशीन घेत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, खोबरेल चोळून, पुसून पुन्हा प्रयत्न करायचा. डोळ्यांची बुबुळं स्कॅन करण्याची सोय असते, ती मागायची. अठरा वर्षांवरच्या माणसाचं आयुष्यातलं पहिलं आधार असेल तर राज्य पातळीवर पडताळणी होते, वेळ लागतो, त्याला तसं आधीच सांगा. पत्त्यासाठी मान्यताप्राप्त निवारा केंद्राचे प्रमुख, राजपत्रित अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी ठराविक नमुन्यात दाखला देऊ शकतात. तो नमुना छापून सोबत ठेवा, कारण “असा फॉर्म नसतो” हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल.

रेशन. बहुतेक कुटुंबांचं कार्ड गावी असतं आणि इथे ते निरुपयोगी आहे असं त्यांना वाटतं. तसं नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालचं कार्ड असेल तर त्यावरचं धान्य देशातल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात अंगठा लावून घेता येतं, काही सदस्यांचा वाटा गावी आणि काहींचा पुण्यात असंही करता येतं. प्राधान्य गटाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या कार्डाला कुटुंबामागे पस्तीस किलो. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, झालेली नसेल तर नाव बंद पडतं, तेवढं आधी तपासा. आमच्या पुलाखाली एका कुटुंबाचं नांदेडचं कार्ड पुण्यात चालू झालं त्या महिन्यात घरातल्या मोठ्या मुलीने सिग्नलवर जाणं थांबवलं. आम्ही तिला थांब म्हटलं नव्हतं.

मतदार ओळखपत्र अनेकांना अशक्य वाटतं, आणि तेच त्या मानाने सोपं आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे, बेघर माणसाने फॉर्म ६ मध्ये, म्हणजे मतदार नोंदणीच्या अर्जात, झोपायची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन, एकाहून जास्त रात्री, ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का ते बघतात. तशी खात्री झाली की पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही. अधिकारी येणार त्या रात्री तुम्ही तिथे असा. “मतदार यादीत यांची नावं आहेत” हे कळलं की त्या परिसरात त्यांच्याशी बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे.

हे सगळे कागद कुठे ठेवायचे? चेन असलेली जाड प्लास्टिकची पिशवी, आत आणखी एक. मूळ कागद कुटुंबाकडेच. झेरॉक्सचा एक संच आमच्या गटाकडे, एक जवळच्या ओळखीच्या दुकानदाराकडे. मूळ कागद स्वयंसेवकाने स्वतःकडे ठेवायचे नाहीत, कितीही आग्रह झाला तरी. कागद ज्याच्या हातात त्याच्यावर माणूस अवलंबून राहतो.

शाळा

शिक्षण हक्क कायदा २००९ मधल्या तीन गोष्टी मुखोद्गत करा. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५: मुदत संपली म्हणूनही नाकारता येत नाही. कलम ४: आधी शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे सहा ते चौदा वयासाठी. महापालिकेच्या शाळा मराठीखेरीज उर्दू, इंग्रजी आणि कन्नड माध्यमाच्याही आहेत. कलबुर्गीकडून आलेल्या मुलाला मराठी वर्गात मुकं बसवण्याआधी एवढी चौकशी करा. मुख्याध्यापकांशी बोलताना कायदा शेवटी काढा. आधी सांगा की रोज पोचवायला मी येईन.

कारण अडचण प्रवेशाची कमी आणि पोचण्याची जास्त असते. मुलगी शाळेत जात नाही त्याचं कारण तिच्या कडेवर असतं. धाकट्या भावंडासाठी अंगणवाडी आधी शोधा, मग थोरलीचं नाव घाला. अंघोळीची सोय बघा; वर्गात “वास येतो” हे एकदा ऐकलेलं मूल पुन्हा जात नाही. आणि चालत जाण्याच्या वाटेवर ओलांडायचा एक मोठा चौक असेल तर पहिले तीन महिने तो चौक पार करून द्यायला माणूस लागतोच.

रजनी परांजपे यांच्या डोअर स्टेप स्कूलने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच ओळखून शाळा मुलांच्या दारात नेली: बांधकामावर, वस्तीत, बसमध्ये. तुमच्या भागात त्यांचं किंवा अशा एखाद्या संस्थेचं काम असेल तर नवीन वर्ग काढू नका, त्यांना जाऊन मिळा. मूल बांधकाम मजुराचं असेल तर आईबापांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून द्या. मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिष्यवृत्तीचा रस्ता तिथून जातो. आणि घरात एकच पालक असेल किंवा पालक फार आजारी असतील तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये. मूल संस्थेत न जाता घरच्यांजवळ राहावं म्हणूनच ती आहे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात.

जूनमध्ये घातलेलं मूल ऑक्टोबरात गायब होईल, तेव्हा खचू नका. कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं, किंवा दिवाळीला गावी. जाण्याआधी शाळेतून हजेरी आणि इयत्ता लिहिलेला कागद घेऊन त्यांच्या पिशवीत घाला.

निवारा केंद्रात पाठवण्याआधी

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बाराही महिने चोवीस तास चालणारा निवारा असावा असं सांगितलं. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती, म्हणजे त्या हिशेबानेच तीसहून जास्त निवारे लागतात. महापालिकेच्या समाज विकास विभागातर्फे केंद्रं चालतात. कुणालाही पाठवण्याआधी तिथे स्वतः जाऊन या आणि तीन गोष्टी विचारा. नवरा-बायको-मुलं एकत्र राहू शकतात का? भांडी, हातगाडी, भंगाराचं पोतं कुठे ठेवायचं? रात्री उशिरा कामावरून येणाऱ्याला दार उघडतं का? बापाला एकीकडे आणि आई-मुलांना दुसरीकडे जावं लागणार असेल तर कुटुंब फुटपाथच पसंत करतं, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

सोळा ते एकवीस

या वयाच्या मुलांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण ती गोड दिसत नाहीत. अठरापर्यंत कायद्याने ती बालकंच आहेत, १०९८ आणि बाल कल्याण समिती त्यांच्यासाठीही आहे. अठरा पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर पडलेलं पोरगं एक पत्र्याची पेटी घेऊन स्टेशनवर येतं. त्याला सांगा की बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे पुढच्या आधाराची तरतूद आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत, विशेष परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. ज्या संस्थेत तो होता तिचं पत्र आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष, इथून सुरुवात करा. राज्याचं महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यातच आहे, राणीच्या बागेत. इतर जिल्ह्यांतल्या लोकांना जे जमत नाही ते आपल्याला पीएमपी बसच्या तिकिटात जमतं.

नोकरी लावून देण्याची घाई नको. हॉटेलात झोपायची सोय आहे म्हणून पोरगं लागतं, काम सुटलं की त्याच रात्री घरही सुटतं. आधी झोपायची जागा कामापासून वेगळी करा. कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत, एक कॉट, तीन महिन्यांचं भाडं गटाने भरायचं, चौथ्यापासून त्याने. मुलींच्या बाबतीत रस्त्यावरची भीती इतकी असते की आईबाप सोळाव्या वर्षी लग्न उरकून मोकळे होतात. तिथे उपदेश चालत नाही. रात्री मुलगी सुरक्षित झोपेल असं वसतिगृह दाखवलंत तर लग्न पुढे जातं.

खोली

आमच्या गटाने इतक्या वर्षांत सहा कुटुंबांना खोलीपर्यंत नेलं. संख्या लहान आहे. पाच अजून खोलीतच आहेत, म्हणून पद्धत सांगते. अडतं ते भाड्याला नाही, डिपॉझिटला. बायका महिन्याला भाडं काढू शकतात, अनेकींची भिशी चालू असते. पण एकरकमी डिपॉझिट साठवायला पेटी नाही आणि खातं नाही. आम्ही डिपॉझिट थेट घरमालकाला देतो, उसनं म्हणून. कुटुंब ते भिशीच्या हप्त्यांनी फेडतं आणि तेच पैसे पुढच्या कुटुंबाला जातात. खोली सध्याच्या कामाच्या जागेपासून चालत जाता येईल इतकी जवळ हवी. लांब मिळालेल्या स्वस्त खोलीतून आमचं सहावं कुटुंब दोन महिन्यांत पुलाखाली परतलं. करार नोंदवून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स म्हणजे भाड्याच्या कराराची नोंदणी बंधनकारक आहेच, आणि तो करार म्हणजे या कुटुंबाच्या हातात आलेला पत्त्याचा पहिला कागद असतो.

दवाखान्याबद्दल थोडक्यात. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. रिसेप्शनवर परत फिरू नका.

वर्षाचं गणित

जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नदीपात्रातल्या कुटुंबांना फोन करा. नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जाण्याआधी त्यांना वर यायला हवं, आणि ही सूचना मोबाईल चार्ज नसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही, म्हणून एकाने जायचंच. गणपतीचे दहा दिवस भेटीगाठी नकोत. फुगे, पिपाण्या, गजरे विकून वर्षाची कमाई त्यांना तेव्हा करायची असते. त्या गर्दीत मुलं हरवतात, म्हणून आधीच्या आठवड्यात प्रत्येक लहानग्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून द्या. डिसेंबरात ब्लँकेटवाल्यांना आवरा आणि त्यांच्याकडून पुढच्या जूनच्या ताडपत्र्या कबूल करून घ्या.

आणि कुटुंब गावी निघालं की गावाचं नाव, तालुका आणि तिथल्या एखाद्या किराणा दुकानाचा फोन लिहून घ्या. त्यांचा स्वतःचा नंबर चार महिन्यांत बदललेला असतो. जागा रिकामी असली तरी आपल्या वारी तिथे चक्कर मारा. मागच्या मार्चमधल्या एका गुरुवारी मी पुलाखाली पोचले तेव्हा ऑक्टोबरात गेलेल्या दोघी बहिणी कठड्यावर बसून होत्या. सकाळीच एसटीने उतरल्या होत्या. थोरलीने पिशवीतून शाळेचा तो कागद काढून दाखवला. घडीवर फाटला होता, पण इयत्ता वाचता येत होती.